गूगल शीट्स : कला केंद्राच्या व्यवस्थापनात उतरणाऱ्यांसाठी सविस्तर परीक्षण

सामुदायिक कला केंद्र असो, छोटं नाट्यगृह असो की वर्ग, खेळ आणि छंद एकाच छताखाली चालवणारं विरंगुळा संकुल, तिथल्या व्यवस्थापकापुढे रोज येणारे प्रश्न फारसे बदलत नाहीत. हॉल कोणाला, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत? या कार्यशाळेचा खर्च किती माणसांत निघेल? वर्गात नावं चोवीस, मग खुर्च्या अर्ध्या रिकाम्या का? या क्षेत्रात येणारे बहुतेक जण कलेच्या ओढीने येतात आणि ती ओढ हवीच. पण सहायक म्हणून रुजू झाल्यावर हातात पहिल्यांदा काय पडत असेल, तर ती बुकिंगची शीट. बऱ्याचदा ती गूगल शीट्समध्येच असते, कारण ते फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं आणि स्वागतकक्षापासून लेखनिकापर्यंत सगळ्यांना एकाच वेळी उघडता येतं.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. हे काम शिकायला आणि दोन-चार दालनांचं केंद्र चालवायला याहून चांगलं फुकट साधन सापडणार नाही. मात्र पैसे घेणं, क्रमांकाच्या खुर्च्या विकणं आणि मुलांची वैद्यकीय माहिती सांभाळणं या तीन गोष्टींसाठी ते बनलेलं नाही.

बुकिंगची शीट : इथेच माणूस शिकतो

नवखा माणूस महिन्याचं कॅलेंडर काढतो. आडवे वार, उभे तास आणि चौकोनात गटाचं नाव. दिसायला छान, पण त्यातून काहीही मोजता येत नाही. त्याऐवजी एका बुकिंगला एक रांग ठेवा. कॉलम असे : बुकिंग क्रमांक, दालन, तयारीची सुरुवात, कार्यक्रमाची सुरुवात, कार्यक्रमाचा शेवट, आवराआवरीचा शेवट, स्थिती, गट, जबाबदार व्यक्ती. दालन आणि स्थिती हे दोन कॉलम ड्रॉपडाउनचेच हवेत, नाहीतर 'मोठा हॉल', 'मोठे सभागृह' आणि 'हॉल १' अशा तीन नावांनी एकच जागा तीनदा दिली जाते आणि शीट मुकाट्याने ते मान्य करते.

तयारी आणि आवराआवरीचे कॉलम वेगळे ठेवण्याचं कारण साधं आहे. गट सांगतो, 'आमचा कार्यक्रम सहा ते आठ'. पण दिवे लावायला ते साडेचारला येणार असतात आणि शेवटची खुर्ची पावणेनऊला उचलली जाते. जाहिरातीतली वेळच शीटमध्ये लिहिली, की आठच्या नृत्यवर्गाची मुलं दाराबाहेर उभी आणि आत नेपथ्याचे तुकडे, हे ठरलेलं.

आता दुहेरी बुकिंग कसं पकडायचं? बहुतेक जण दोन बुकिंगच्या सुरुवातीची वेळ सारखी आहे का, एवढंच तपासतात. पाच ते आठचं बुकिंग असताना सहा ते सात दिलं तर ते सुटतं. खरी कसोटी दोन अटींची आहे : नव्याची सुरुवात जुन्याच्या शेवटाआधी असेल आणि नव्याचा शेवट जुन्याच्या सुरुवातीनंतर असेल, तर दोन्ही एकमेकांवर येतात. काउंटइफ्स या, सगळ्या अटी पाळणाऱ्या रांगा मोजणाऱ्या, फंक्शनला चार अटी द्या (सुरुवात म्हणजे तयारीची, शेवट म्हणजे आवराआवरीचा) : दालन तेच, सुरुवात या रांगेच्या शेवटापेक्षा कमी, शेवट या रांगेच्या सुरुवातीपेक्षा जास्त आणि स्थिती 'रद्द' नाही. उत्तर १ आलं तर ठीक, कारण रांग स्वतःलाही मोजते. १ पेक्षा जास्त आलं तर कंडिशनल फॉरमॅटिंगने रांग लाल करा. कमी-जास्तच्या अटींत 'बरोबर' हे चिन्ह घालू नका, म्हणजे सहाला संपणारं आणि सहाला सुरू होणारं बुकिंग भांडणार नाहीत.

तरी कधी कधी ती दोन भांडतात आणि लोक शीटवर रागावतात. कारण शीट्स वेळ हा दिवसाचा अपूर्णांक म्हणून साठवतं. तुम्ही शेवटाची वेळ हाताने न लिहिता 'सुरुवात अधिक पंधरा मिनिटं' अशी काढली असेल, तर दशांशात फार दूरवर नगण्य फरक पडतो आणि सहा वाजता म्हणजे सहाच्या किंचित पुढे असा अर्थ लागतो. उपाय : काढलेली वेळ १४४० ने गुणा (दिवसाची मिनिटं), राउंड करा, पुन्हा १४४० ने भागा.

दुसरी अडचण मधल्या पडद्याची. अनेक केंद्रांत मोठं सभागृह सरकत्या भिंतीने दोन भागांत विभागता येतं. 'पूर्ण हॉल' असं तिसरं दालन ड्रॉपडाउनमध्ये टाकलं, की कसोटी फसते, कारण शीटच्या लेखी पूर्ण हॉल आणि 'भाग अ' या वेगवेगळ्या जागा आहेत. पूर्ण हॉलचं बुकिंग नेहमी दोन रांगांत लिहा, एक अ साठी, एक ब साठी, क्रमांक एकच. भाडं फक्त पहिल्या रांगेत.

स्थितीसाठी चार शब्द पुरतात : चौकशी, तात्पुरतं, पक्कं, रद्द. तात्पुरत्या बुकिंगला मुदतीची तारीख हवीच. ती नसेल तर 'बघतो, कळवतो' म्हणणारा गट सीझनच्या सगळ्या शनिवार संध्याकाळी अडवून बसतो आणि पैसे देणारा गट दुसरीकडे जातो. मुदत आजच्या तारखेच्या मागे गेली की रांग पिवळी, एवढा एक नियम पुरे.

तास आणि भाडं : जिथे बिलं चुकतात

तीन तासांचं भाडं काढायचं आहे, तासाचा दर ६००. कोणीही शेवटातून सुरुवात वजा करून ६०० ने गुणेल. उत्तर १८०० यायला हवं, येतं ७५. तीन तास म्हणजे दिवसाचा आठवा भाग, ०.१२५, आणि शीटने त्याला ६०० ने गुणलं. मधे २४ ने गुणायला विसरलं की हे होतं. एका बिलात ही चूक लगेच दिसते. पण महिन्याच्या बेरजेत, जिथे काही आकडे हाताने भरलेले आणि काही फॉर्म्युल्यातून आलेले असतात, तिथे ती ओळखू येत नाही. मुलाखतीत कोणी नमुन्याची शीट पुढे ठेवून 'यात काय चुकलंय?' असं विचारलं, तर आधी इथेच बघा.

तशीच दुसरी : आठवड्याच्या तासांची बेरीज २६ व्हायला हवी आणि दिसतात २:००. हिशेब बरोबर आहे, फक्त सेल घड्याळाच्या फॉरमॅटमध्ये आहे, त्यामुळे २४ नंतर काटा पुन्हा शून्यावर येतो. फॉरमॅट 'ड्युरेशन' करा. तालीम रात्री दहाला सुरू होऊन साडेबाराला संपत असेल आणि कॉलममध्ये फक्त वेळ लिहिली असेल, तर वजाबाकी उणे येते. यावर मॉड या बाकी काढणाऱ्या फंक्शनची पट्टी लावता येते, पण दुहेरी बुकिंगची कसोटी तरीही कोसळते. सुरुवात आणि शेवट दोन्हींत तारीख आणि वेळ एकत्र लिहिणं हाच कायमचा इलाज.

तारखेवरून आठवलं : शीटमध्ये पहिली नोंद करण्याआधी फाइलच्या सेटिंगमध्ये लोकेल (देशानुसार तारखा-आकडे लिहिण्याची पद्धत) आणि टाइमझोन तपासा. ३/४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हे लोकेल ठरवतं. नंतर लोकेल बदललं तरी आधीच चुकीच्या समजल्या गेलेल्या तारखा सुधारत नाहीत. २५/४ सारखी तारीख डावीकडे चिकटून दिसली, तर शीटने तिला मजकूर मानलंय हे समजा. तारीख म्हणून ओळखलेली नोंद आपोआप उजवीकडे सरकते.

कार्यशाळेचा खर्च निघेल का?

इथे शीट्स उत्तम आहे आणि या पेशात डोकं कसं चालायला हवं, ते शिकवणारा यासारखा सराव नाही. समजा, चित्रकलेच्या कार्यशाळेचा स्थिर खर्च १२,००० : शिक्षक, हॉल, प्रसिद्धी. शुल्क ८००, साहित्य माणशी २००. म्हणजे एका माणसामागे ६०० हाती राहतात आणि २० माणसांत खर्च निघतो. हॉलमध्ये जागा २४, चार जागांची उसंत, बरं वाटतं.

आता सामुदायिक केंद्र म्हणून पाच जागा निम्म्या शुल्कात द्यायच्या ठरवा. त्या प्रत्येकी ४०० घेतात, साहित्य तेवढंच लागतं, म्हणजे हाती २००. पाचांचे मिळून १,०००. उरलेले ११,००० भरायला पूर्ण शुल्काची १९ माणसं लागतात, कारण १८ मध्ये १०,८०० च जमतात. १९ आणि ५ मिळून २४. म्हणजे शेवटची खुर्चीसुद्धा भरली तरच केंद्र तोट्यात जात नाही, आणि आजारपणामुळे दोघांनी पैसे परत मागितले तर हिशेब बुडाला.

सवलत देऊ नये, असा याचा अर्थ मुळीच नाही. सवलत हा अशा केंद्राच्या असण्याचा गाभा आहे. पण तिचा खर्च कुठून येणार, हे आधी लिहायला हवं : अनुदानातून, शनिवारच्या भाड्यातून की प्रायोजकाकडून. शुल्क, साहित्य, सवलतीच्या जागा आणि अपेक्षित गळती (मधेच सोडून जाणारे) हे चार आकडे वरच्या वेगळ्या सेलमध्ये ठेवा आणि फॉर्म्युले त्यांच्याकडेच बोट दाखवतील असं बघा. आकडा फॉर्म्युल्याच्या आत लिहिलात, तर बैठकीत 'सवलत आठ जणांना दिली तर?' या प्रश्नाला उत्तर द्यायला पंधरा मिनिटं लागतात.

हजेरी, आणि फॉर्म्सचा सापळा

नोंदणीसाठी गूगल फॉर्म जोडला, की उत्तरं आपोआप शीटमध्ये येतात. सोय मोठी आहे, पण उत्तरांच्या टॅबमध्ये हात घालू नका. प्रत्येक नवं उत्तर नवी रांग घालून येतं, त्यामुळे शेजारी ओढून ठेवलेले फॉर्म्युले त्या रांगेत नसतात. अ‍ॅरेफॉर्म्युला (एकदाच लिहून सगळ्या रांगांना लागू होणारा फॉर्म्युला) वापरा किंवा दुसऱ्या टॅबवर क्वेरीने (हवी ती माहिती निवडून मांडणाऱ्या फंक्शनने) माहिती आणा.

क्वेरीच्या टॅबवर मात्र याहून गंभीर घोटाळा होतो. समजा, यादी नावाच्या क्रमाने लावली आहे आणि शेजारच्या कॉलममध्ये कोणीतरी हाताने लिहिलं : 'शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी'. दुसऱ्या दिवशी 'अ' ने सुरू होणारं एक नाव नोंदवलं गेलं. क्वेरीतली नावं एक रांग खाली सरकली, टिपण जागच्या जागी राहिलं. आता अ‍ॅलर्जी भलत्याच मुलाच्या नावापुढे आहे आणि ज्याला आहे त्याच्यापुढे काही नाही. शीट कसलीही चूक दाखवत नाही. हाताने लिहायची टिपणं वेगळ्या टॅबमध्ये, सहभागीच्या क्रमांकासह ठेवा आणि लुकअपने (क्रमांकावरून नोंद शोधणाऱ्या फंक्शनने) यादीत आणा. वैद्यकीय टिपणं असलेली यादी मात्र बुकिंगच्या शीटपासून वेगळ्या फाइलमध्येच हवी, ते पुढे येतं. ही एक शिस्त पाळली नाही, तर बाकी सगळी शीट सुबक असून उपयोग नाही.

हा क्रमांक आणखी एका ठिकाणी लागतो. वीस माणसं आठ सत्रांना आली तर हजेरी १६० आणि माणसं २०. अहवालात '१६० लाभार्थी' असं लिहिणं खोटं ठरतं, मग ते अजाणता का असेना. नावावरून वेगळी माणसं मोजली तर एकच व्यक्ती दोन प्रकारे लिहिलेल्या नावामुळे दोनदा मोजली जाते, म्हणून मोजणी क्रमांकावरून करा. फोन नंबरचा कॉलम आधीच 'प्लेन टेक्स्ट' करून ठेवा, नाहीतर सुरुवातीचं शून्य गळून पडतं.

गळती पाहायची तर पहिल्या आणि शेवटच्या दिवसाची तुलना पुरेशी नाही, कारण समारोपाला पाहुण्यांसकट सगळे येतात. सत्रांचे तीन समान भाग करा आणि पहिल्या भागातली सरासरी हजेरी शेवटच्या भागातल्या सरासरीशी ताडा. आणि किती आले एवढंच मोजून थांबू नका. अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या पायऱ्यांवर लोकांना फक्त बसवलं जातं, मधल्यांवर त्यांचं ऐकल्यासारखं केलं जातं, वरच्यांवर निर्णय त्यांच्या हाती असतो. शीटमध्ये 'कार्यक्रम कोणी ठरवला' असा एक कॉलम ठेवलात, तर वर्षाअखेरीस केंद्र कुठल्या पायरीवर आहे ते दिसतं. तो कॉलम भरणं अवघड जातं आणि म्हणूनच तो हवा.

हॉलचा वापर मोजताना

हॉल रोज १४ तास उघडा, म्हणजे आठवड्याला ९८ तास. बुकिंग ४९ तास. वापर ५० टक्के, आणि समिती म्हणते, 'अजून अर्धी जागा आहे, संध्याकाळचे दोन वर्ग वाढवा.' पण वेळ फोडून बघा. संध्याकाळी सहा ते दहा हे आठवड्याचे २८ तास, त्यांतले २६ भरलेले, म्हणजे ९३ टक्के. उरलेल्या ७० तासांत २३, म्हणजे ३३ टक्के. संध्याकाळी जागाच नाही. प्रश्न दिवसाचा आहे आणि त्याचं उत्तर ज्येष्ठांचे वर्ग, लहान मुलं आणि पालक, तालमीसाठी स्वस्त भाडं, असं वेगळं निघतं. पिव्हट टेबलने (नोंदी गटवार मोजणाऱ्या सोयीने) हे काम दहा मिनिटांत होतं, फक्त बुकिंगच्या रांगेत 'वेळपट्टी' (दिवस की संध्याकाळ) हा कॉलम हवा.

कोणाला काय दिसतं

शीट्सची सर्वात कमकुवत बाजू हीच. टॅब लपवला म्हणजे माहिती सुरक्षित झाली, असं नाही. प्रत काढण्याची परवानगी असलेला कोणीही प्रत काढून तो टॅब उघडू शकतो. प्रोटेक्टेड रेंज (बदलांपासून कुलूपबंद केलेला भाग) अपघाती बदल थांबवते, वाचणं थांबवत नाही. मुलांचे पत्ते, पालकांचे नंबर, वैद्यकीय टिपणं वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि ती दोघा-तिघांनाच, त्यांच्या नावाने द्या. लिंक असेल त्या कोणालाही, अशी नाही. इम्पोर्टरेंजने (दुसऱ्या फाइलमधली माहिती ओढणाऱ्या फंक्शनने) ती फाइल बुकिंगच्या शीटला जोडू नका. एकदा परवानगी दिली, की त्या शीटचा कुठलाही संपादक मूळ फाइलमधला कुठलाही भाग ओढून घेऊ शकतो.

फाइल कोणाच्या खात्यात आहे, हेही बघा. कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक खात्यात बनलेली शीट त्याच्याबरोबर जाते. संस्थेकडे वर्कस्पेस (गूगलची संस्थांसाठीची सेवा) असेल तर शेअर्ड ड्राइव्हमध्ये ठेवा, तिथे मालकी संस्थेची राहते.

दोन छोट्या सूचना. सगळे एकाच शीटवर काम करत असताना साधा फिल्टर लावला तर तो इतर संपादकांच्या पडद्यावरही लागतो आणि 'माझ्या नोंदी गेल्या' अशी ओरड होते. फिल्टर व्ह्यू (फक्त आपल्यापुरता फिल्टर) वापरा. आणि चिकटवताना फक्त व्हॅल्यू चिकटवा, नाहीतर ड्रॉपडाउनचा नियम पुसला जातो.

नोकरीसाठी हे कसं दाखवायचं

बुकिंग, कार्यशाळेचा ताळेबंद, हजेरी आणि वापर अशा चार टॅबची एक फाइल काल्पनिक माहितीने बनवा. खऱ्या केंद्राची माहिती कधीही नको. तुम्ही गोपनीयता पाळत नाही, एवढंच त्यातून दिसेल. दोन दालनं, सहा गट, दोन महिन्यांच्या साठेक नोंदी पुरतात. त्यात एक दुहेरी बुकिंग, एक मुदत संपलेलं तात्पुरतं बुकिंग आणि एक तोट्यातली कार्यशाळा मुद्दाम ठेवा. अर्जात १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं विश्रांतीचं २४वं आणि सांस्कृतिक सहभागाचं २७वं कलम जरूर लिहा, ते या कामाचा पाया आहेत. पण मुलाखतीत फाइल उघडून सांगा : 'ही कार्यशाळा तोट्यात जातेय, मी ती बंद करणार नाही, तिचा खर्च या दोन शनिवारांच्या भाड्यातून काढेन.' कार्यक्रम सहायक, भाडे समन्वयक, ड्युटी मॅनेजर, कुठल्याही जागेसाठी हे वाक्य पदविकेच्या प्रमाणपत्राइतकंच, किंबहुना जास्त बोलतं.

स्वयंसेवक म्हणून सुरुवात करत असाल तर स्वागतकक्ष मागा. बुकिंगचे सगळे तंटे आधी तिथेच येतात आणि शीटमध्ये कुठला कॉलम कमी आहे, ते तिथे कळतं.

कधी सोडावं

क्षमतेची अडचण येणार नाही. एका फाइलमध्ये १ कोटी सेल बसतात आणि छोट्या केंद्राला ते संपवायला अनेक वर्षं लागतील. सोडायची कारणं वेगळी आहेत. क्रमांकाच्या खुर्च्या विकायच्या असतील तर दोन माणसं एकाच क्षणी एकच खुर्ची निवडतात आणि शीटला ती काही मिनिटं राखून ठेवता येत नाही. पैसे थेट जमा व्हायचे असतील, परतावे द्यायचे असतील, दारावर तिकीट तपासायचं असेल, तर तिकीटविक्रीची स्वतंत्र प्रणाली घ्या. दोन-तीन इमारती झाल्या आणि रोज बदल करणारी माणसं वाढली, की बुकिंगलाही वेगळी प्रणाली लागते.

हलवण्याआधी प्रत्येक टॅब सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल) म्हणून उतरवा आणि एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडू नका. देवनागरी नावांच्या जागी खुणांचा गोंधळ दिसतो आणि फोन नंबरची शून्यं पुन्हा गळतात. 'इम्पोर्ट'मधून आणा, एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, फोनचा कॉलम मजकूर ठेवा आणि जुन्या शीटमधली पक्क्या बुकिंगची संख्या नव्या प्रणालीतल्या संख्येशी दालनागणिक ताडून मगच जुनी शीट फक्त वाचण्यापुरती करा.